बाळंतपण कोठे करावे ?

चरकसंहितेच्या शारीरस्थानात सूतिकागाराचे वर्णन आले आहे. गर्भिणीला नववा महिना लागण्यापूर्वीच ते बांधून सिद्ध असावे, त्याची जागा कशी असावी, तेथे कोणकोणते साहित्य जमवून ठेवावे, गर्भिणीजवळ कोणत्या स्त्रिया असाव्यात, याविषयीच्या सूचना त्या ग्रंथात तपशीलवार दिलेल्या आहेत. रक्त चढविणे किंवा शस्त्रक्रिया करून आई व मूल या दोघांचेही प्राण वाचविणे त्या काळच्या वैद्यकास शक्य नव्हते. तरीही एक गोष्ट त्या ग्रंथकारांनी अचूक हेरली होती. बाळंतपणाची जागा ही कळा सुरू झाल्यानंतर शोधावयाची नसते. ती आधीच ठरवून ठेवावयाची असते.

आज आपल्या घरोघरी बाळंतपणाची तयारी हौसेने केली जाते. सातव्या महिन्यात डोहाळजेवण होते, जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी शिवली जातात, झबली-टोपरी तयार होतात, डिंक आणि अळीव आणून ठेवले जातात. परंतु बाळंतपण नेमके कोठे होणार, असे विचारले तर "वेळ आली की पाहू" किंवा "जवळच दवाखाना आहे" असे मोघम उत्तर पुष्कळदा मिळते. ज्या निर्णयावर दोन जीवांची सुरक्षितता अवलंबून असते, तोच निर्णय असा शेवटच्या घटकेवर सोडला जातो.

चित्र बदलले, प्रश्न उरला

महाराष्ट्राने या बाबतीत मोठी मजल मारली आहे, यात शंका नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५-०६ मध्ये राज्यातील सुमारे ६५ टक्के बाळंतपणे दवाखान्यांत वा प्रसूतिगृहांत होत असत; २०१९-२१ च्या पाहणीत हे प्रमाण ९४.७ टक्क्यांवर गेल्याचे दिसून आले. नमुना नोंदणी पद्धतीच्या आकडेवारीनुसार २००४-०६ या कालावधीत राज्यात दर एक लाख जिवंत जन्मांमागे १३० मातांचा मृत्यू होत असे. २०१८-२० मध्ये ही संख्या ३३ पर्यंत खाली आली. या घटीस शिक्षण, उशिरा होणारे विवाह, सुधारलेले रस्ते, रक्तपेढ्या अशी अनेक कारणे आहेत. त्यांत आरोग्यसंस्थेत होणाऱ्या बाळंतपणांचा वाटा मोठा आहे.

म्हणजेच 'घरी की दवाखान्यात' हा जुना प्रश्न बहुतेक कुटुंबांपुरता सुटला आहे. परंतु 'कोणत्या दवाखान्यात' हा प्रश्न मात्र सुटलेला नाही. प्रत्येक दवाखान्यात प्रत्येक सोय असत नाही आणि प्रत्येक स्त्रीला प्रत्येक सोयीची गरजही भासत नाही. आपल्या घरातील गर्भवतीची प्रकृती कशी आहे आणि तिला कोणत्या सोयीची गरज पडू शकेल, याचा मेळ घालणे म्हणजेच बाळंतपणाची जागा निवडणे होय.

घड्याळाचा हिशेब

बाळंतपण ही निसर्गाची क्रिया आहे. तो आजार नव्हे. बहुसंख्य स्त्रिया सुखरूप बाळंत होतात. तथापि काही स्त्रियांच्या बाबतीत ऐनवेळी गुंतागुंत उद्भवते आणि ती कोणाच्या बाबतीत उद्भवेल हे आधी निश्चितपणे सांगता येत नाही. जिची सारी तपासणी निर्दोष आहे, जिची पहिली दोन बाळंतपणे सहज झाली आहेत, अशा स्त्रीलाही मूल जन्मल्यानंतर अतिरक्तस्राव होऊ शकतो.

अशा वेळी हाताशी किती अवधी असतो ? तज्ज्ञांनी याचे अंदाज बांधले आहेत. उपचार न मिळाल्यास बाळंतपणानंतरच्या अतिरक्तस्रावात मृत्यू ओढवण्यास सरासरी अवघे दोन तास पुरतात. बाळंतपणापूर्वी होणाऱ्या मोठ्या रक्तस्रावात सुमारे बारा तास, गर्भाशय फाटल्यास एक दिवस, रक्तदाब वाढून झटके येऊ लागल्यास दोन दिवस, मूल अडल्यास तीन दिवस, तर जंतुसंसर्ग झाल्यास सहा दिवस असा हा हिशेब आहे. हे आकडे सरासरीचे आहेत. अंगात रक्त कमी असलेल्या स्त्रीला एवढाही अवधी मिळत नाही.

मातामृत्यूंचा अभ्यास करणाऱ्या थॅडियस आणि मेन या दोन संशोधक स्त्रियांनी १९९४ मध्ये 'तीन विलंबां'ची कल्पना मांडली. पहिला विलंब निर्णय घेण्यातला, दुसरा पोहोचण्यातला आणि तिसरा पोहोचल्यानंतर योग्य उपचार मिळण्यातला. हे तीन विलंब एकमेकांत कसे गुंततात, हे एका कल्पित उदाहरणावरून ध्यानात येईल.

समजा, तालुक्याच्या गावापासून दूर असलेल्या एका वस्तीवर रात्री अकरा वाजता घरीच मूल जन्मले. सव्वाअकराला वार पडली आणि रक्त जाऊ लागले. "बाळंतिणीच्या अंगावरून जायचेच" असे म्हणून घरातल्यांनी अर्धा तास वाट पाहिली. पावणेबारा वाजता बाळंतीण पांढरीफटक दिसू लागली, तेव्हा धावाधाव सुरू झाली. गाडी मिळून ती दाराशी येईपर्यंत सव्वाबारा वाजले. प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावयास पाऊण वाजला. तेथे वैद्यकीय अधिकाऱ्यांनी गर्भाशय आकुंचन पावण्याचे इंजेक्शन दिले, सलाइन लावले. परंतु रक्त चढविण्याची गरज होती आणि ती सोय जिल्ह्याच्या ठिकाणी, दीड तासाच्या अंतरावर. तेथे गाडी पोहोचेल ती सव्वादोन वाजता. रक्तस्राव सुरू झाल्याला तोवर तीन तास झालेले असतील. दोन तासांची मर्यादा वाटेतच कोठेतरी, अंधारात, ओलांडली गेलेली असेल.

या तीन तासांत कोणी जाणूनबुजून हयगय केली, असे म्हणता येणार नाही. घरच्यांनी त्यांच्या समजुतीप्रमाणे केले, गाडीवाल्याने शक्य तितकी गाडी पळविली, वैद्यकीय अधिकाऱ्यांनीही हाती असलेले उपचार केले. चूक त्या रात्रीची नव्हतीच. ती त्यापूर्वीच्या दोन महिन्यांची होती. जागा ठरविण्यास त्या दोन महिन्यांत पुरेसा वेळ होता, आणि त्या रात्री तो नव्हता.

सुईण, घर आणि स्वच्छ हात

पिढ्यान्‌पिढ्या आपल्याकडील बाळंतपणे सुईणीच्या हातून झाली. तिच्या अनुभवाला, धीर देण्याच्या तिच्या हातोटीला कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु सुईण कितीही कुशल असली तरी तिच्यापाशी रक्त नसते, शस्त्रक्रियेची सोय नसते आणि जन्मल्यावर न रडणाऱ्या मुलाला श्वास देण्याचे साधनही नसते. घर सुरक्षित वाटते ते ओळखीच्या माणसांमुळे. पण अडचण आली की तेच घर उपचारांपासून सर्वांत दूरचे ठिकाण ठरते.

तथापि, घराबाहेर कोठेही गेले की सुरक्षितता आपोआप लाभते, असेही मानू नये. एकोणिसाव्या शतकात व्हिएन्ना येथील मोठ्या रुग्णालयात प्रसूतीचे दोन विभाग होते. पहिल्या विभागात डॉक्टर व वैद्यकीय विद्यार्थी, तर दुसऱ्यात सुइणी काम पाहत. पहिल्या विभागात सूतिकाज्वराने मरणाऱ्या स्त्रिया कितीतरी अधिक असत आणि ही गोष्ट शहरातल्या बायकांना ठाऊक होती. दुसऱ्या विभागात जागा मिळावी म्हणून त्या गयावया करीत. शवविच्छेदन करून आलेले हात तसेच बाळंतिणीला लागतात, हे त्याचे कारण इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरांनी शोधून काढले. १८४७ मध्ये त्यांनी क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली आणि मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने खाली आले. इमारत तीच राहिली, माणसेही तीच राहिली. बदलली ती काम करण्याची पद्धत. दवाखान्याची पारख त्याच्या इमारतीवरून न करता तेथील स्वच्छतेवरून, मनुष्यबळावरून आणि तत्परतेवरून करावी, हा धडा आजही तितकाच खरा आहे.

आरोग्यसेवेच्या पायऱ्या

आपल्या राज्यातील शासकीय आरोग्यसेवा पायऱ्यापायऱ्यांनी उभारलेली आहे. त्यातील कोणत्या पायरीवर काय मिळते हे प्रत्येक कुटुंबाने समजून घेणे अगत्याचे आहे.

पहिली पायरी उपकेंद्राची. सपाटीच्या प्रदेशात साधारणपणे ५,००० व डोंगराळ वा आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असावे असा संकेत आहे. येथे आरोग्यसेविका गरोदर स्त्रियांची नोंदणी व तपासणी करते. सोय असलेल्या उपकेंद्रांत साधी बाळंतपणेही केली जातात. दुसरी पायरी प्राथमिक आरोग्य केंद्राची. सपाटीवर ३०,००० आणि डोंगराळ वा आदिवासी भागात २०,००० लोकसंख्येमागे ते असते. तेथे वैद्यकीय अधिकारी, परिचारिका व प्रसूतिकक्ष असतो. साध्या बाळंतपणाची व्यवस्था, तसेच शिरेतून औषधे देणे, रक्तस्रावावर प्रथमोपचार करणे ही कामे येथे होऊ शकतात. यांपैकी अनेक केंद्रांना व उपकेंद्रांना आता 'आयुष्मान आरोग्य मंदिर' असे नाव देण्यात आले आहे.

त्यावरची पायरी ग्रामीण रुग्णालयाची. येथे साधारणतः ३० खाटा असतात. त्यानंतर ५० किंवा १०० खाटांची उपजिल्हा रुग्णालये आणि सर्वांत वर जिल्हा रुग्णालय, स्त्री रुग्णालय व वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये येतात. यांपैकी ज्या रुग्णालयांत चोवीस तास सिझेरियन शस्त्रक्रिया, रक्ताचा साठा आणि नवजात बालकांवरील उपचार या तिन्ही सोयी असतात, त्यांना 'प्रथम संदर्भ सेवा केंद्र' म्हणतात. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात या तिन्ही सोयी असतीलच असे नाही. म्हणून पाटीवर 'रुग्णालय' हा शब्द वाचून समाधान मानू नये. "येथे रात्री सिझेरियन होते काय ? भूल देणारे डॉक्टर उपलब्ध असतात काय ? रक्त येथेच मिळते की बाहेरून आणावे लागते ?" हे तीन प्रश्न आधीच विचारून ठेवावेत.

कोणी कोठे जावे ?

जिचे वय, उंची, वजन व रक्तदाब योग्य आहेत, जिच्या अंगात रक्त पुरेसे आहे, मूल डोक्याकडून खाली आहे व आधीची बाळंतपणे सुखरूप झाली आहेत, अशा स्त्रीने जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र निवडण्यास हरकत नाही. मात्र तेथे रात्रीही प्रशिक्षित परिचारिका वा डॉक्टर हजर असावेत आणि तेथून मोठ्या रुग्णालयात वेळेत नेता यावे. अशा स्त्रीने मोठ्या शहरातील गर्दीच्या रुग्णालयाकडे धाव घेण्याचे प्रयोजन नाही.

याउलट, काही स्त्रियांनी सुरुवातीपासूनच शस्त्रक्रियेची व रक्ताची सोय असलेले रुग्णालय निश्चित करावे. पूर्वीचे बाळंतपण सिझेरियनने झाले असेल, जुळे असेल, मूल आडवे किंवा पायाळू असेल, वार गर्भाशयाच्या तोंडाशी असेल, रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक असेल, हृदयविकार, मधुमेह वा सिकलसेलचा विकार असेल, मागील बाळंतपणात अतिरक्तस्राव झाला असेल किंवा मूल दगावले असेल, तर लहान दवाखान्यात जाऊन तेथून पुढे धाडले जाण्यात मोलाचा वेळ वाया जातो. हिमोग्लोबिन ११ ग्रॅमपेक्षा कमी असणे म्हणजे रक्तक्षय. ते ७ ग्रॅमच्या खाली गेले तर तो तीव्र रक्तक्षय समजावा. अशा स्त्रीला थोडासा रक्तस्रावही झेपत नाही. दिवस भरण्यापूर्वीच कळा सुरू झाल्यास नवजात शिशूंचा विशेष कक्ष असलेले रुग्णालय गाठावे. कारण अपुऱ्या दिवसांच्या बाळाला जन्मतःच उबेची आणि श्वासासाठी मदतीची गरज पडू शकते.

हे सर्व कळण्याचा मार्ग एकच, आणि तो म्हणजे वेळेवर तपासणी. बारा आठवड्यांच्या आत नाव नोंदवावे आणि किमान चार वेळा तपासून घ्यावे. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानानुसार २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेस शासकीय आरोग्यसंस्थांत गरोदर स्त्रियांची विशेष तपासणी विनामूल्य केली जाते. धोक्याची लक्षणे असलेल्या स्त्रिया त्या दिवशी हेरल्या जातात. तपासणीच्या वेळी "माझे बाळंतपण कोठे करणे योग्य ठरेल ?" असे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे आणि त्यांचे उत्तर माता व बाल संरक्षण कार्डावर लिहून घ्यावे.

माहेर की सासर ?

पहिले बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडील जुनी चाल आहे. तिच्यामागे मोठा शहाणपणा आहे. आईच्या हाताखाली लेकीला विश्रांती मिळते, संकोच न वाटता दुखलेखुपलेले सांगता येते आणि सव्वा महिना तरी कामाच्या रगाड्यातून सुटका होते. ही चाल मोडावी असे कोणी म्हणणार नाही. मात्र माहेर निवडताना गावाबरोबर दवाखान्याचाही विचार व्हावयास हवा.

सासर शहरात व माहेर आडगावी असेल, तर सात महिने एका डॉक्टरांकडे झालेली तपासणी आठव्या महिन्यात दुसऱ्यांकडे जाते. जुने कागद सासरीच राहतात, रक्तगट कोणाला ठाऊक नसतो, वाढलेल्या रक्तदाबाची नोंद मागे पडते. म्हणून माहेरी जावयाचे असेल तर ते शेवटच्या आठवड्यात न जाता सातव्या-आठव्या महिन्यातच जावे. सर्व कागद, सोनोग्राफीचे अहवाल व संरक्षण कार्ड बरोबर न्यावे. माहेरी पोहोचताच तेथील आशा स्वयंसेविकेकडे व आरोग्यसेविकेकडे नाव नोंदवावे. डॉक्टरांनी मोठ्या रुग्णालयाचा सल्ला दिला असेल आणि ते सासरच्या गावाजवळ असेल, तर बाळंतपण तेथेच करून नंतर बाळासह माहेरी जाणे हेच श्रेयस्कर. अशा वेळी आईनेच काही दिवस लेकीकडे येऊन राहावे. तिच्या सोबतीने लेकीला तेथेच माहेर लाभेल.

येथे आणखी एक व्यावहारिक बाब सांगणे इष्ट आहे. जन्माची नोंद ज्या ठिकाणी जन्म झाला, त्याच ठिकाणच्या निबंधकाकडे होते. आईवडिलांचे राहते गाव त्यासाठी धरले जात नाही. दवाखान्यात जन्म झाल्यास दवाखाना ती माहिती कळवितो. घरी जन्म झाल्यास हे काम घरातील कर्त्या माणसाचे असते. त्यासाठी २१ दिवसांची मुदत आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून अनेक कामांत जन्मदाखला हाच मुख्य पुरावा धरला जात असल्याने, माहेरून परतण्यापूर्वी तो हाती घेणे सोयीचे ठरते.

दुर्गम भागासाठी 'माहेरघर'

मेळघाटातील धारणी-चिखलदरा, नंदुरबारमधील अक्कलकुवा-धडगाव, गडचिरोलीतील भामरागड-एटापल्ली या भागांत प्रश्न वेगळा आहे. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर येऊन भामरागडचा संपर्क तुटल्याचे प्रसंग वर्षानुवर्षे घडले आहेत. सातपुड्यातील पाड्यांवरून गर्भवतीला बांबूच्या झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणावे लागल्याची उदाहरणेही आहेत. ज्या पाड्यावरून दवाखाना चार तासांवर आहे, तेथे कळा सुरू झाल्यानंतर निघणे म्हणजे दैवावर भरवसा ठेवणे होय.

यावर उपाय म्हणून राज्य शासनाने आदिवासी भागांतील निवडक प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या आवारात 'माहेरघर' उभारली आहेत. बाळंतपणाच्या तारखेपूर्वी काही दिवस गर्भवतीने तेथे येऊन राहावे, सोबत घरातील एखादे माणूस असावे, तिची तपासणी व भोजनाची सोय व्हावी, अशी ही योजना आहे. रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबाची मजुरी बुडते, घरी लहान मुले असतात, गुरे असतात. त्यामुळे पाडा सोडून येणे या स्त्रियांना सोपे नसते. म्हणून माहेरघरात जाण्याचा बेत आशा स्वयंसेविकेच्या मदतीने महिनाभर आधी ठरवावा आणि घरची व्यवस्था शेजाऱ्यांशी बोलून लावावी. कळा सुरू होण्याची वाट पाहू नये, हेच या योजनेचे मर्म आहे.

बाळ घरी आल्यानंतरही दक्षता हवी. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने प्रशिक्षित ग्रामीण स्त्रियांकडून नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घेण्याचा प्रयोग केला आणि त्यामुळे नवजात मृत्यूंत मोठी घट झाल्याचे १९९९ मध्ये शास्त्रीय नियतकालिकातून सिद्ध केले. आज आशा स्वयंसेविका देशभर अशा गृहभेटी देतात. बाळंतपण दवाखान्यात झाल्यास तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत अशा सहा भेटी ठरलेल्या आहेत.

खर्च आणि खाजगी प्रसूतिगृह

शासकीय संस्थेत बाळंतपण करण्यास खर्च येतो, या समजापोटी काही कुटुंबे अद्याप मागे राहतात. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार २०११ पासून शासकीय आरोग्यसंस्थेतील साधे बाळंतपण, सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त आणि दवाखान्यातील आहार हे सर्व विनामूल्य आहे. घरापासून दवाखान्यापर्यंत, गरज पडल्यास मोठ्या रुग्णालयापर्यंत आणि तेथून परत घरापर्यंतची वाहनसेवाही विनामूल्य आहे. यासाठी दारिद्र्यरेषेची अट नाही. याशिवाय २००५ मध्ये सुरू झालेल्या जननी सुरक्षा योजनेखाली दारिद्र्यरेषेखालील तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या स्त्रियांना संस्थेतील बाळंतपणासाठी ग्रामीण भागात ७०० व शहरी भागात ६०० रुपये साहाय्य दिले जाते.

खाजगी प्रसूतिगृह निवडावयाचे असल्यास ते नोंदणीकृत आहे याची खात्री करावी, दरांचा फलक पाहावा आणि साधे बाळंतपण व सिझेरियन या दोहोंचा अंदाजी खर्च आधीच विचारून घ्यावा. गुंतागुंत झाल्यास बाळंतीण कोठे हलविली जाईल, हेही विचारावे. सिझेरियनविषयी मनात संतुलित विचार असावा. योग्य कारणासाठी केलेली ही शस्त्रक्रिया जीव वाचविते. मात्र मुहूर्त साधण्यासाठी किंवा कळांच्या भीतीपोटी ती करवून घेणे हिताचे नाही, कारण पुढील प्रत्येक बाळंतपणात तिचा धोका बरोबर येतो. २०१९-२१ च्या पाहणीनुसार देशातील शासकीय संस्थांत १४.३ टक्के, तर खाजगी संस्थांत ४७.४ टक्के बाळंतपणे सिझेरियनने झाली. अवघड बाळंतपणे खाजगी रुग्णालयांतही पाठविली जातात हे खरे. तरीही एवढी तफावत विचार करावयास लावणारी आहे. "शस्त्रक्रिया कशासाठी करावी लागते आहे ?" हे विचारण्याचा हक्क गर्भवतीला व तिच्या कुटुंबाला आहे.

आठव्या महिन्याचा संकल्प

आठवा महिना लागण्यापूर्वी पुढील गोष्टी निश्चित करून एका कागदावर लिहून ठेवाव्यात व तो कागद संरक्षण कार्डाबरोबर जपावा.

१. बाळंतपण कोणत्या ठिकाणी होणार आणि अडचण आल्यास त्यापुढचे रुग्णालय कोणते.

२. तेथे पोहोचण्यास दिवसा किती वेळ लागतो आणि रात्री वा पावसात किती.

३. वाहन कोणते. १०२ व १०८ हे क्रमांक घरातील प्रत्येकास पाठ असावेत. त्याशिवाय गावातील एखाद्या गाडीवाल्याशी आधी बोलून ठेवावे. कारण डोंगरातील वळणावर फोन लागेलच असे नाही.

४. गर्भवतीचा रक्तगट आणि गरज पडल्यास रक्त देऊ शकतील अशा दोघातिघांची नावे.

५. सोबत कोण जाणार. शासकीय रुग्णालयांत बाळंतपणाच्या वेळी जवळची एक स्त्री सोबत राहू देण्यास केंद्र शासनाने २०१६ मध्ये अनुमती दिली आहे. स्वतः बाळंत झालेली, धीराची स्त्री त्यासाठी निवडावी.

६. घरातील कर्ता पुरुष बाहेरगावी असल्यास निर्णय कोणी घ्यावयाचा.

यांतील शेवटची बाब वरवर किरकोळ वाटेल, पण पहिल्या विलंबाचे मूळ पुष्कळदा तेथेच असते. नवरा शेतावर किंवा कामानिमित्त परगावी, सासरे झोपलेले, सासूबाईंना एकटीने ठरविण्याचे धाडस होत नाही आणि जिच्या जिवाचा प्रश्न आहे तिला तर कोणी विचारीतच नाही. अंगावरून रक्त जाणे, डोके फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणे, चेहऱ्यावर व हातांवर सूज येणे, झटके येणे, ताप येणे, कळांपूर्वीच पाणी जाणे, बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी एकही लक्षण दिसले तर कोणाच्याही परवानगीची वाट न पाहता निघावयाचे, असे घरात आधीच ठरलेले असावे.

बाळंतपण झाल्यावरही घाई करू नये. साध्या बाळंतपणानंतर निदान ४८ तास दवाखान्यातच राहावे. रक्तस्राव, ताप, बाळाचे दूध न ओढणे या गोष्टी बहुधा याच काळात दिसून येतात. पहिल्या तासाभरात बाळाला अंगावर पाजावे; त्याने बाळाला ऊब व चीक मिळतो आणि आईचे गर्भाशय आकुंचन पावण्यासही साहाय्य होते.

सूतिकागार नवव्या महिन्यापूर्वी सिद्ध असावे, असे प्राचीन वैद्यांनी सांगितले. त्यांना ते आपल्या अंगणात बांधावे लागे. आज ते बांधण्याचे काम समाजाने आणि शासनाने बऱ्याच अंशी केलेले आहे. कुटुंबाच्या वाट्याला त्यातून योग्य ते निवडण्याचे काम तेवढे उरले आहे. त्यासाठी फार विद्वत्ता लागत नाही. एखाद्या संध्याकाळी घरातल्या सर्वांनी एकत्र बसून, गर्भवतीला सर्वांत आधी बोलू देऊन, वरील सहा ओळी कागदावर उतरवावयाच्या एवढेच. पुढे त्या कागदाची गरज पडली नाही तर आनंदच आहे. आणि एखाद्या रात्री गरज पडलीच, तर घरातल्या कोणालाही "आता कोठे न्यायचे ?" हा प्रश्न विचारावा लागणार नाही.